वाईट दिवसाचं ताट

नैराश्य आहे, आणि त्यातच पोटाचा घेर, रक्तदाब, साखर वाढलेली आहे, अशा माणसाच्या हातात आहाराचा जो कागद दिला जातो तो बहुतेक वेळा अगदी बरोबर असतो. रंगीत भाज्या, फळं, डाळी, सुकामेवा, ताजं शिजवलेलं अन्न, रोज अर्धा तास चालणं, वेळेवर झोप. त्यात वावगं काहीच नसतं. तरीही तो कागद आठवड्याभरात कुठल्यातरी पुस्तकात जाऊन बसतो आणि माणूस स्वतःलाच आणखी थोडा दोष देऊ लागतो.

कारण त्यातली प्रत्येक गोष्ट करायला आधी ठरवावं लागतं, मग उठावं लागतं, बाजारात जावं लागतं, निवडावं, चिरावं, शिजेपर्यंत थांबावं लागतं. आणि ठरवणं, उठणं, थांबणं हेच तर नैराश्याने काढून घेतलेलं असतं. साखर वाढलेल्या पण मनाने ठीक असलेल्या माणसासाठी लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. अँटीऑक्सिडंट, म्हणजे पेशींची झीज आवरणारी द्रव्यं, कशात किती आहेत याची माहिती आता कुणालाही मिळते. ज्या दिवशी अंथरुणातून उठणंही जड जातं त्या दिवशी यातलं नेमकं काय तोंडात पडेल, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते सुरुवात तिथून व्हायला हवी. पण ती करण्याआधी शरीरात काय चाललेलं असतं ते नीट पाहू, म्हणजे कशाचा आग्रह धरायचा आणि काय सोडून द्यायचं ते ठरवता येईल.

घेर, रक्तदाब, साखर यांच्या या एकत्र बिघाडाला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तो म्हणजे पाच मोजमापांचा गट. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली यांतल्या बऱ्याच गोष्टी एकाच माणसात वारंवार एकत्र का दिसतात, आणि त्यामागे इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणं कसं असतं, हे मांडलं. पुढे २००९ साली वेगवेगळ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून एक व्याख्या मान्य केली. कंबरेचा वाढलेला घेर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) १५० किंवा जास्त, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० पेक्षा व स्त्रियांत ५० पेक्षा कमी, रक्तदाब वरचा १३० किंवा जास्त वा खालचा ८५ किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. पाचांपैकी तीन असले की निदान होतं. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर आकडा आटोक्यात असला तरी तो मुद्दा धरला जातो, हे पुष्कळांना माहीत नसतं. घेराची मर्यादा वंशानुसार बदलते: दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, युरोपीय वंशाच्या पुरुषांसाठी ९४, स्त्रियांसाठी दोन्हीकडे ८०. हा घेर पँटच्या पट्ट्याच्या जागी मोजायचा नसतो. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये टेप लावायचा, श्वास सहज बाहेर सोडायचा, पोट आत न ओढता वाचायचं. पट्ट्याच्या जागेवर मोजल्याने कित्येकांचा आकडा फसवा कमी येतो.

या गटाचं आणि नैराश्याचं नातं दुहेरी आहे. २०१२ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले तेव्हा ज्यांना नैराश्य होतं त्यांच्यात पुढे मेटाबॉलिक सिंड्रोम होण्याची शक्यता सुमारे दीडपट दिसली, आणि ज्यांना मेटाबॉलिक सिंड्रोम होता त्यांच्यात पुढे नैराश्य येण्याची शक्यताही जवळपास तितकीच. एका बाजूने पाहिलं तर दीर्घकाळ वाढलेलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक, मोडलेली झोप, कमी झालेली हालचाल, गोड-तळलेल्याची ओढ आणि काही औषधं माणसाला घेराकडे नेतात. दुसऱ्या बाजूने शरीरात मुरलेला दाह (प्रतिकारशक्ती सतत चेतलेली राहणं), रक्तवाहिन्यांची झीज, सततचा थकवा आणि स्वतःच्या शरीराची लाज मनाला खाली खेचते. यात पहिलं पाऊल कुणी टाकलं याचा शोध एखाद्या विशिष्ट माणसाच्या बाबतीत सहसा लागत नाही. उपचारासाठी त्याची गरजही नसते.

आता ऑक्सिडेशनच्या ताणाबद्दल. पेशीतलं मायटोकाँड्रिया अन्नातले इलेक्ट्रॉन एका साखळीतून पुढे पुढे देत शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचवतं आणि त्यातून ऊर्जा काढतं. इंधन भरपूर आणि खर्च कमी अशी स्थिती रोजची झाली की ही साखळी तुंबते, काही इलेक्ट्रॉन मध्येच गळतात आणि ऑक्सिजनला चिकटून सुपरऑक्साइड तयार होतं. समोर येईल त्याची झीज करणाऱ्या अस्थिर रेणूंना फ्री रॅडिकल म्हणतात, त्यातलं हे एक. ते शरीराच्या बचावापेक्षा जास्त झाले की तो ऑक्सिडेशनचा ताण. पोटाच्या आतल्या अवयवांभोवती साठलेल्या चरबीत याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. तिथल्या पेशी फुगतात, त्यांना ऑक्सिजन अपुरा पडू लागतो, पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ असे दाह वाढवणारे संदेश सोडू लागतात. इन्सुलिनचं काम सोपं करणारं अॅडिपोनेक्टिन मात्र घटतं. या चरबीतलं रक्त थेट यकृताकडे जातं, म्हणून मांडीवरच्या चरबीपेक्षा पोटातली चरबी जास्त त्रास देते. दाहातून रॅडिकल वाढतात, रॅडिकलांमुळे दाह वाढतो, आणि दोन्हींमुळे इन्सुलिनचा संदेश आणखी अडतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीच्या अवस्थेत तो शरीरातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. त्याच्या पेशींच्या आवरणात ऑक्सिडेशनला सहज बळी पडणारी मेदाम्लं भरपूर असतात आणि त्या मानाने बचावाची साधनं बेताची. शिवाय दाहाचे संदेश मेंदूपर्यंत पोचले की ट्रिप्टोफॅनची वाट बदलते. एरवी या अमिनो आम्लाचा एक छोटासा हिस्सा सेरोटोनिन बनवण्यासाठी जातो. दाह असेल तेव्हा आयडीओ नावाचं एन्झाइम जागं होतं आणि ट्रिप्टोफॅन किन्युरेनिनच्या दिशेने वळवतं. त्या वाटेवर तयार होणारं क्विनोलिनिक आम्ल चेतापेशींना डिवचतं. हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मरण-भावनांच्या भागात पेशींची वाढ आणि जोडणी टिकवणारं बीडीएनएफ हे प्रथिनही अशा वातावरणात कमी पडतं. बाहेरून जे दिसतं ते परिचयाचं आहे: कशात रस नाही, विचार संथ, अंग जड, झोपूनही थकवा.

पण सगळं नैराश्य दाहातून येत नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, इतर औषधांनी नीट न सुधारलेल्या ६० रुग्णांना इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारं औषध किंवा नुसतं सलाइन दिलं. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर औषधाचा फायदा दिसला नाही. ज्यांचं सीआरपी (रक्तातलं, दाह किती आहे ते दाखवणारं प्रथिन) सुरुवातीलाच ५ च्या वर होतं त्यांच्यात मात्र औषधाकडे कल दिसला; ज्यांचं कमी होतं त्यांच्यात उलट सलाइनवाल्यांचं बरं चाललं. चाचणी लहान आहे, पण तिचा अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो. दाह कमी करणाऱ्या गोष्टींचा उपयोग मुळात दाह असलेल्यांना व्हावा हे तर्काला धरून आहे, आणि मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्यांमध्ये तो असण्याची शक्यता जास्त. म्हणून या गटात आहाराबद्दल बोलणं जास्त सार्थ आहे.

आहाराच्या चाचण्या काय सांगतात? ऑस्ट्रेलियात फेलिस जाका आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्माइल्स’ चाचणीत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले ६७ लोक होते. निम्म्यांना १२ आठवड्यांत आहारतज्ज्ञाच्या ७ भेटी मिळाल्या, बाकीच्यांना तितक्याच वेळा कुणीतरी गप्पा मारायला, सोबत द्यायला भेटलं. आहाराच्या गटात सुमारे ३२ टक्के लोक नैराश्याच्या पातळीतून बाहेर आले, सोबतीच्या गटात ८ टक्के. आकडा मोठा आहे, पण आपल्याला आहार मिळतोय हे लोकांना माहीत होतं, अपेक्षेचाही वाटा त्यात येतो, आणि बरेच जण औषध किंवा समुपदेशन आधीपासून घेत होते. स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ चाचणीत एका गटाला भूमध्यसागरी आहार (भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, ऑलिव्ह तेल) देऊन त्याला रोज ३० ग्रॅम सुकामेव्याची जोड दिली होती. सगळ्यांमध्ये मिळून नैराश्य टळल्याचं ठामपणे दिसलं नाही, पण टाइप २ मधुमेह असलेल्यांमध्ये धोका सुमारे ४१ टक्क्यांनी कमी आढळला. याउलट २०१९ ची ‘मूडफूड’ चाचणी: वजन जास्त आणि मन थोडं उतरलेलं, पण अजून नैराश्याचं निदान नसलेले १०२५ लोक. ओमेगा-३, सेलेनियम, फॉलिक अॅसिड, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमच्या पूरक गोळ्या वर्षभर देऊन नैराश्य टळलं नाही. खाण्याच्या सवयींवरच्या समुपदेशनानेही टळलं नाही.

या तिन्ही एकत्र ठेवल्या की मी तरी असा निष्कर्ष काढते: आहार ही नैराश्याची लस नव्हे, आणि औषधाच्या किंवा मानसोपचाराच्या जागी बसणारी गोष्टही नव्हे. चालू उपचाराला बळ देणारी, आणि चयापचय आधीच बिघडलेला असताना दुहेरी उपयोगाची अशी ती साथ आहे. यापेक्षा जास्त आश्वासन देणं अन्याय ठरेल, कारण नैराश्यातला माणूस फसलेल्या आश्वासनाची किंमत स्वतःच्या मनातून मोजतो.

मग अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या का नकोत? या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच मोठ्या चाचण्यांनी दिलेलं आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत काहींना बीटा-कॅरोटिन दिलं, तेव्हा १९९४ मध्ये कळलं की ते घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये वेळेआधी थांबवावी लागली. ई जीवनसत्त्वाच्या रोज ४०० युनिटमुळे प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचं २०११ मध्ये दिसलं. आणि आपल्या विषयाच्या अगदी जवळचा अभ्यास २००९ चा: चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी ज्यांना रोज क जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट दिलं, त्यांच्यात व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारलाच नाही. न घेणाऱ्यांमध्ये तो सुधारला.

याचं कारण असं, की फ्री रॅडिकल सगळे शत्रू नसतात. स्नायू कामाला लागला की थोडे रॅडिकल तयार होतात, तोच पेशीला इशारा असतो, आणि त्या इशाऱ्यावर पेशी स्वतःची बचावफळी उभी करते: सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन. एनआरएफ-२ नावाचं प्रथिन या जनुकांचं बटण दाबतं. मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी तो इशाराच पुसला जातो. भाज्या-फळांतले बरेचसे पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींतली अँटीऑक्सिडंट द्रव्यं, तर रक्तात फार कमी पोचतात; मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचं रूपांतर करतात, आणि जे पोचतं ते बहुधा असा छोटा इशारा देऊनच काम करतं. परीक्षानळीत कुठल्या फळाने किती रॅडिकल मारले याचे ओरॅक नावाचे आकडे एके काळी फार मिरवले जात. अमेरिकेच्या कृषी खात्याने ती यादी २०१२ मध्ये काढून टाकली, कारण त्या आकड्यांवरून शरीरातल्या परिणामाबद्दल काहीच सांगता येत नव्हतं. तेव्हा अमुक फळाला ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणून जास्त पैसे मोजायची गरज नाही.

आता ताटाकडे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळांची आहे, म्हणजे ८० ग्रॅमचे पाच वाटे. एक वाटा साधारण आपली एक ओंजळ. बटाटा व तसे पिठूळ कंद यात धरत नाहीत. नैराश्यात पहिल्याच आठवड्यात पाच वाट्यांवर जाऊ नये. आत्ता जेवढे खाल्ले जातात त्यात एकच वाढवावा आणि तो दोन आठवडे टिकू द्यावा. शून्यावरून एकवर येणं हे चारवरून पाचवर जाण्यापेक्षा फार मोठं अंतर आहे.

आणि आधी वाईट दिवसाची तयारी करावी, चांगल्या दिवसाची नंतर. वाईट दिवसाचं ताट म्हणजे चिरणं नाही, शिजवणं नाही, पाच मिनिटांच्या आत तोंडात. त्यासाठी घरात चार गोष्टी कायम असाव्यात. सोलून किंवा नुसतं धुऊन खाता येणारं फळ. फ्रीजरमधल्या भाज्या: त्या काढणीनंतर लगेच गोठवलेल्या असतात, त्यामुळे फ्रीजमध्ये आठवडाभर सुकलेल्या ‘ताज्या’ भाजीपेक्षा त्यांत क जीवनसत्त्व बऱ्याचदा जास्तच उरतं, आणि त्या चिरलेल्या असतात. शिजवलेली कडधान्यं: विकतची डबाबंद असतील तर चाळणीत ओतून वाहत्या पाण्याखाली धुवावीत, मीठ बरंच निघून जातं, घरी शिजवलेली असतील तर एकदाच जास्त शिजवून अर्ध्या-अर्ध्या वाटीचे भाग गोठवावेत. आणि बिनमिठाचा सुकामेवा, आधीच ३० ग्रॅमच्या पुड्या करून. बदाम असतील तर पंचविसाच्या आसपास. पुड्या आधी करायच्या, कारण उदास मनाने मोठ्या डब्यातून खाताना हात थांबत नाही आणि १०० ग्रॅम सुकामेवा म्हणजे ६०० कॅलरींच्या घरात. गोठवलेली भाजी दोन-तीन मिनिटं वाफवली, त्यात कडधान्य मिसळलं, चमचाभर तेल, लिंबू, वरून सुकामेवा, की ते जेवण झालं. अंडं किंवा दही जोडलं तर प्रथिनही पुरेसं. त्याच्याकडे पाहून कुणी वाहवा करणार नाही. काही हरकत नाही.

ज्या दिवशी थोडी ताकद असेल त्या दिवसासाठी काही बारकावे. गाजर, पालक, टोमॅटो, लाल भोपळा यांतली कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्यं तेलाशिवाय नीट शोषली जात नाहीत, म्हणून तेल वगळलेली ‘डाएट’ कोशिंबीर हा तोटा आहे. जेवणात चमचाभर तेल किंवा थोडा सुकामेवा पुरतो. टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य शिजवून, तेलासोबत जास्त मिळतं. क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात उतरतात, तेव्हा पालेभाज्या भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकू नये. वाफवाव्यात किंवा थोड्या पाण्यात झाकून शिजवाव्यात. ब्रोकोली, कोबी, फ्लॉवर यांतलं सल्फोराफेन, म्हणजे वर सांगितलेलं एनआरएफ-२ जागं करणारं द्रव्य, आयतं नसतं. भाजी चिरल्यावर पेशी फुटतात, मायरोसिनेज हे एन्झाइम कामाला लागतं आणि मग ते तयार होतं. उष्णतेने हे एन्झाइम मरतं. म्हणून चिरून अर्धा-पाऊण तास ठेवून मग शिजवावं, किंवा शिजल्यावर वरून थोडी मोहरीची पूड घालावी, तिच्यात तेच एन्झाइम असतं. लसूण ठेचून दहा मिनिटं थांबावं, तेही अशाच कारणाने. चहा-कॉफी जेवणासोबत घेतली तर वनस्पतींतलं लोह कमी शोषलं जातं. तासाभराचं अंतर ठेवावं. रक्तातलं लोह कमी असलं की येणारा थकवा नैराश्यासारखाच दिसतो, त्यामुळे हा मुद्दा किरकोळ नाही.

चुका कुठे होतात? फळाऐवजी रस. रसात तंतू जातात, साखर झपाट्याने चढते, आणि उंच ट्रायग्लिसराइड असलेल्याला तोच त्रास. रोज मोठा ग्लासभर कच्च्या पालकाचा रस. त्यात ऑक्सलेट भरपूर असतं आणि मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. एकदम दुप्पट कडधान्यं. पोट फुगतं, गॅस होतो, आणि माणूस ‘मला चालत नाही’ म्हणून ती कायमची सोडतो. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवलं तर आतडं जुळवून घेतं. कडक उपासमार. दोन आठवडे वजन उतरतं, चिडचिड वाढते, मग एका रात्रीत बांध फुटतो आणि त्यानंतरची अपराधी भावना साखरेपेक्षा जास्त नुकसान करते. ‘आज एक बिघडलं, म्हणजे सगळं गेलं’ ही विचाराची रीत नैराश्याचीच आहे, स्वभावाचा दोष नव्हे, हे घरच्यांनीही समजून घ्यायला हवं. भाजी चिरून डब्यात ठेवणं हे घरच्यांचं काम झालं तर उपदेशाच्या दहा वाक्यांपेक्षा त्याचा उपयोग होतो.

चालण्याबद्दलही आकार लहान करून सांगते. न्यूझीलंडमधल्या २०१६ च्या एका अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या लोकांनी दिवसातून कधीही एकदाच अर्धा तास चालण्याऐवजी प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. दहा मिनिटं नैराश्यातही कधीकधी जमतात. नाही जमली तर तीन. बरं वाटलं की चालेन, असा क्रम या आजारात सहसा येत नाही. आधी पाय निघतात, मन कासवाच्या गतीने मागून येतं. पुढे ताकद आली की आठवड्याला १५० मिनिटं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हे लक्ष्य आहेच.

झोपेवर मात्र सुरुवातीलाच लक्ष द्यावं, इतर सगळं बाजूला ठेवून. १९९९ मध्ये ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार तास झोपू दिलं, तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता घसरली. आणि ज्याचा घेर मोठा, मान जाड, घोरणं मोठ्याने, सकाळी डोकं जड, दिवसा डुलक्या, त्याची स्लीप अॅप्नियासाठी तपासणी व्हायलाच हवी. रात्रभर श्वास अडत राहिला की ऑक्सिजन खालीवर होतो, प्रत्येक वेळी ऑक्सिडेशनचा ताण वाढतो, रक्तदाब चढतो. अशा माणसाला बेरी आणि अक्रोड किती दिले तरी थकवा हटत नाही. कॉफी पिणाऱ्यांमध्ये नैराश्य कमी दिसतं असं निरीक्षणांवर आधारित अभ्यास सांगतात, पण तिच्यातल्या कॅफीनचा अर्धा अंश उतरायला सुमारे पाच तास लागतात. म्हणून दुपारनंतर नको.

सिगारेट सोडली तर मन आणखी खचेल ही भीती सार्वत्रिक आहे. २०१४ चं एकत्रित विश्लेषण उलट सांगतं: सोडणाऱ्यांमध्ये नैराश्य आणि चिंता कमी झाल्या. पहिले काही आठवडे कठीण असतात एवढं खरं, म्हणून ते डॉक्टरांना सांगून आखावेत. दारू ट्रायग्लिसराइड वाढवते, झोप तुकड्या-तुकड्यांची करते आणि मन खाली नेते. इथे अधिक काही सांगायला नको.

औषधांची बाजू दुर्लक्षून आहाराचं बोलणं धोक्याचं आहे. मिर्टाझापिन, ओलान्झापिन, क्लोझापिन या मानसोपचारातल्या औषधांनी वजन वाढू शकतं. ती सुरू करतानाच वजन, घेर, रक्तदाब, साखर, लिपिड यांची नोंद करावी आणि बारा आठवड्यांनी पुन्हा पाहावी. वाढ दिसली तर डॉक्टरांशी बोलून पर्याय शोधता येतो. आपल्या मनाने औषध थांबवू नये. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ घटू शकतं, आणि त्याची कमतरता उदासी, विसराळूपणा, पायातल्या मुंग्या अशी समोर येते; ते तपासून घ्यावं, सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही. रक्त गोठू न देणारं वॉरफॅरिन चालू असेल तर पालेभाजी बंद करायची नसते, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं. अचानक वाढवली तर औषधाचा परिणाम घटतो. सिम्वास्टॅटिन, अॅटोर्वास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांसोबत ग्रेपफ्रूट टाळावं. मूत्रपिंड अशक्त असेल तर फळं-कडधान्यांतलं पोटॅशियम मोजूनच. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती ‘नैसर्गिक’ म्हणून नैराश्यासाठी विकली जाते. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांसोबत ती घातक ठरू शकते. ग्रीन टी पिणं ठीक, पण तिच्या अर्काच्या गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (तिच्यातलं मुख्य अँटीऑक्सिडंट) गेलं तर यकृताला इजा होऊ शकते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवलं. हळदीच्या तीव्र अर्कांनीही यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकातली हळद वेगळी.

प्रगती मोजताना वजनकाट्यावर रोज चढू नये. घेर महिन्यातून एकदा. ट्रायग्लिसराइड गोड आणि दारू कमी केल्यावर काही आठवड्यांतच हलतात, एचबीए१सी ला (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीला) तीन महिने द्यावे लागतात. मनासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली दर दोन आठवड्यांनी भरावी. गुण ० ते २७, आणि १० किंवा त्यापुढे गेले तर ते मध्यम किंवा तीव्र नैराश्याकडे बोट दाखवतात. तिच्यातले झोप, थकवा आणि भूक यांचे प्रश्न मेटाबॉलिक सिंड्रोममुळेही ‘हो’ येऊ शकतात, म्हणून फक्त बेरीज न पाहता रस वाटणं आणि मन उदास असणं या पहिल्या दोन प्रश्नांकडे वेगळं पाहावं. बारा आठवड्यांत ताट सुधारलं, घेर थोडा उतरला, पण हे दोन तसेच राहिले, तर आहार आणखी कडक करण्यात अर्थ नाही. उपचार बदलायची किंवा वाढवायची वेळ आलेली असते. आणि नवव्या प्रश्नाला, म्हणजे जगणं नको वाटतं का किंवा स्वतःला इजा करावीशी वाटते का याला, शून्याखेरीज कुठलंही उत्तर आलं तर बाकीचे आकडे त्या दिवसापुरते मिटवून ठेवावेत, माणसाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचावं.